चाक धुण्याआधी वाचून घ्या

१९८८ साली मी कराडच्या एका सहाचाकी ट्रकवर किन्नर, म्हणजे क्लीनर, म्हणून लागलो. पहिल्याच आठवड्यात वस्तादांच्या, म्हणजे ड्रायव्हरच्या, शिव्या खाल्ल्या, आणि त्याही चाकं स्वच्छ धुतली म्हणून. चिपळूणला साखर खाली करून गाडी उभी होती. हमाल जेवायला गेलेले, वस्ताद झाडाखाली आडवे. मला वाटलं, आपण काहीतरी करून दाखवावं. बादली घेतली, काथ्याचा चोथा घेतला आणि सहाही चाकं अशी घासली की कधीतरी मारलेला चंदेरी रंग पुन्हा दिसायला लागला. वस्ताद उठले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि मागच्या क्लीनर साइडच्या, म्हणजे डावीकडच्या, जोडचाकाशी उकिडवे बसले.

"हितं आतल्या टायरला वल्लं हुतं. कुठं गेलं?"

"धुतलं की."

"कशाचं वल्लं हुतं ते बघितलंस का?"

नव्हतं बघितलं. त्या दिवशी घाट चढायचं राहिलं. चाकं उतरवली, ब्रेक ज्याला आतून धरतो तो ड्रम काढला. हबचं, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाचं, आतलं ऑइल सील फाटलेलं, ड्रमवर घासणारे ब्रेकचे दोन्ही लायनर ग्रीसमध्ये भिजलेले. वस्तादांनी तो डाग सकाळीच हेरून ठेवला नसता, तर पुढच्या फेरीला भरल्या गाडीनं कुंभार्ली घाट उतरताना आम्हाला त्याचा पत्ता लागला असता.

आज माझ्या स्वतःच्या दोन गाड्या आहेत. एक दहाचाकी, ती मी चालवतो. एक पिकअप, ती पुतण्या चालवतो आणि तिला त्यानं हौसेनं अलॉय बसवलेत. पण चाक कसं धुवायचं असं कुणी विचारलं, तर मी पाण्यापासून सुरुवात करत नाही. बॅटरीपासून करतो, म्हणजे टॉर्चपासून.

चाकं कोरडी असताना, उजेड असो वा नसो, हातात बॅटरी घेऊन गाडीभोवती एक फेरी मारा. आधी नट बघा. नटाच्या बुडातून बाहेरच्या बाजूला तांबूस रेघा ओघळल्यासारख्या दिसत असतील, तर तो नट सैल आहे असंच धरून चाला. नट सैल झाला की डिस्क, म्हणजे चाकाचा नटांनी आवळलेला मधला भाग, आणि हब एकमेकांवर घासतात, लोखंडाची बारीक पूड होते, तिला पाणी लागतं, ती गंजते आणि चाक फिरताना बाहेर फेकली जाते. म्हणून ती रेघ. नुसता हवेचा गंज असा रेघांनी येत नाही, तो चट्ट्याचट्ट्यांनी येतो. रेघ दिसली की पाना घेऊन नट आवळला आणि मोकळे झालो, असंही करू नका. नट काढून डिस्कचं भोक बघा. गोल भोक लांबट झालं असेल तर ती डिस्क भंगारात. तिला कितीही आवळा, ती पुन्हा सैल होणार.

मग ओल बघा. एक्सलच्या मध्यापासून बाहेर पसरलेलं तेल दिसलं तर बहुतेक वेळा एक्सलच्या शाफ्टचं टोक हबला जिथं बसतं तिथलं पॅकिंग गेलेलं असतं. दुरुस्ती लागते, पण त्या तेलाचा ब्रेकशी लगेच संबंध नसतो. आतल्या टायरच्या आतल्या गालावर ओलं असेल तर मात्र गाडी तिथंच थांबवा, कारण ते सील असतं आणि तेल लायनरवरून आलेलं असतं. हे बाहेर उभं राहून दिसत नाही. गाडीखाली वाकायलाच लागतं. किन्नरची ढोपरं मळलेली नसतील तर त्यानं चाक बघितलेलं नाही, असं वस्ताद म्हणायचे.

तिसरं म्हणजे काळेपणा सगळ्या चाकांना सारखा आहे का? हे फार कमी लोक बघतात. एकच चाक बाकीच्यांपेक्षा फार काळं, त्याच्या रिमचा रंग करपल्यासारखा, तर त्या चाकाचा ब्रेक नीट सुटत नाही, सतत धरून राहतो. उलट एखादं चाक विनाकारण स्वच्छ असेल तर खूश होऊ नका. ते चाक ब्रेकचं काम करत नाही, आणि त्याचा वाटा बाकीची चाकं ओढतायत. दोन्ही वेळेला त्या चाकाच्या ब्रेकचे भाग, म्हणजे स्लॅक अ‍ॅडजस्टर, शू आणि चेंबर, मिस्त्रीला दाखवायचे. हे सगळं तुम्हाला ती घाणच सांगते. पाणी मारलं की गप्प बसते.

आता ही घाण आहे तरी काय? लायनर ड्रमवर घासतो तेव्हा लायनरची झीज होते तशी ड्रमचीही होते. ड्रम बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा. त्यामुळे त्या काळ्या भुकटीत लायनरमधला राळेचा आणि बाकी मसाल्याचा भाग असतो, तसे लोखंडाचे अगदी बारीक कणही असतात. ते तापलेले असताना रंगावर बसतात आणि चिकटतात. पुढं पावसाळी हवा लागली की जागच्या जागी गंजतात. पांढऱ्या किंवा चंदेरी रिमवर नारिंगी ठिपके दिसतात ना, ते हेच. रिम आतून गंजली असं वाटतं, पण पुष्कळदा गंज बाहेरून येऊन बसलेला असतो.

डिस्क ब्रेकच्या गाडीला (ही डिस्क ब्रेकची, चाकाची नव्हे) ही भुकटी उघड्यावर उडते, म्हणून पिकअपची पुढची चाकं दोन दिवसांत काळी होतात आणि मागची बरी राहतात. ट्रकला ड्रम. भुकटी बरीचशी ड्रमच्या आत साचते आणि थोडी कडेच्या फटीतून, डिस्कच्या भोकांतून बाहेर येते. तिच्यावर रस्त्याचं डांबर, ग्रीस आणि आमच्याकडे कोकणातली जांभ्याची लाल माती बसते. तीन थर झाले की ते साबणाला दाद देत नाहीत.

ड्रमच्या आत साचलेल्या भुकटीबद्दल एक गोष्ट मी उशिरा शिकलो. आम्ही पोरं ड्रम काढला की कॉम्प्रेसरचा पाइप लावायचो. फुस्स करून काळा ढग उठायचा, आम्ही तोंड फिरवून हसायचो. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. त्याचे तंतू डोळ्याला दिसत नाहीत, पण छातीत जाऊन बसतात आणि कित्येक वर्षांनी दुखणं घेऊन बाहेर येतात, कॅन्सरसुद्धा. हातातला लायनर कशाचा आहे हे नुसतं बघून सांगता येत नाही. म्हणून सगळ्यांना एकच नियम: हवा मारायची नाही, कोरडा ब्रश मारायचा नाही. साबणाच्या पाण्याचा हलका फवारा मारून भुकटी ओली करायची, ओल्या फडक्यानं पुसायची आणि ते फडकं पिशवीत बांधून टाकून द्यायचं. तोंडाला रुमाल बांधून काही होत नाही. ज्याला रोज हेच काम आहे त्यानं बारीक धूळ अडवणारा चांगला मास्क घ्यावा. लायनर धुवायला डिझेलही नको, ते लायनर शोषून घेतो.

आता पाणी. घाट उतरून आलात, पायथ्याच्या पोफळीच्या पुढं नळ दिसला, लगेच बादली ओतू नका. ड्रम इतका तापलेला असतो की त्यावर पाण्याचा थेंब टिकत नाही, तडतडून उडून जातो. बीड तापलेलं असताना गार पाणी पडलं की त्याला तडे जातात. मी स्वतः एक ड्रम असाच घालवलाय. पाणी मारल्यावर टिच् असा बारीक आवाज आला, मला वाटलं खडा उडाला. हाताची मागची बाजू ड्रमच्या जवळ न्या, धग लागली तर चहा प्या, जेवून घ्या. पालथा हात रिमवर आरामात ठेवता आला की मग धुवा. सावली असेल तर उत्तम, कारण उन्हात साबण वाळून त्याचे पांढरे डाग पडतात.

आधी जोडचाकांच्या मधे बघा. आम्ही चिरा, म्हणजे जांभ्याचा दगड, वाहतो, त्यामुळे खडीच नाही तर चिऱ्याचे तुकडेही दोन टायरांत अडकतात आणि दोन्ही टायरांचे गाल खातात. टॉमीनं, म्हणजे लोखंडी पहारीनं, सहज निघाला तर काढा. फार घट्ट बसला असेल तर हातोड्यानं ठोकू नका, बाहेरचं चाक उतरवा. टायर अडकवून ठेवणारी सुटी रिंग असलेल्या रिमची ती रिंग वाकलेली किंवा गंजून फुगलेली दिसत असेल तर नट सैल करायच्या आधीच दोन्ही टायरची हवा पूर्ण सोडा, वॉल्व्हची पिन काढून. टायरमध्ये शंभराच्या वर पौंड हवा असते. रिंग सुटली तर समोरच्या माणसाचं काय होतं हे मी पाहिलंय, इथं लिहीत नाही.

मग नुसतं पाणी, भरपूर, वरून खाली. माती भिजून सुटू द्या. वाळूसकट घासलं की रंगावर चरे पडतात आणि पुढची भुकटी त्या चऱ्यांत जाऊन बसते. दहा मिनिटं भिजल्यावर बादलीत गाडीचा साधा शाम्पू. कपड्यांची पावडर चालते का? ट्रकच्या लोखंडी रिमला चालते, पण अंश राहता कामा नये. अलॉयला नको, पावडरीतला सोडा अ‍ॅल्युमिनियमला सोसत नाही. घासायला माझ्याकडे अजूनही नारळाच्या काथ्याचा ब्रशच असतो, कोकणातून येताना दोन-चार घेऊन येतो. नटांच्या बेचक्यात आणि डिस्कच्या भोकांच्या कडांना जुना दात घासायचा ब्रश. तारेचा ब्रश रंग असलेल्या रिमवर कधीही नाही. चाकांची बादली आणि फडकी वेगळी ठेवा. केबिनला तेच फडकं लावलंत तर दारावर लोखंडाचे चरे उठतील.

ग्रीस आणि डांबराला साबण पुरत नाही. चिंधीवर थोडं डिझेल घेऊन तेवढीच जागा पुसा आणि लगेच साबणानं धुवा. डिझेल रबरावर जाऊ देऊ नका. वॉशिंगवाले धुऊन झाल्यावर टायरवर डिझेलचा फवारा मारतात, टायर काळाभोर दिसतो, मालक खूश होतो. डिझेलनं रबर फुगतं आणि मऊ पडतं. मी फवारेवाल्याला आधीच सांगतो, टायरला हात लावलास तर पैसे कापीन. टायर पॉलिशही माझ्या मते पैशाची नासाडी, पण पुतण्या ऐकत नाही.

प्रेशर पंप असेल तर नोझल हातभर लांब ठेवा आणि टायरच्या गालावर एकाच जागी धरू नका. हबच्या सीलकडे, ब्रेक चेंबरच्या भोकांकडे, हवेच्या नळ्यांच्या जोडांकडे सरळ धार नको. पाणी आत गेलं की ग्रीस बाहेर येतं, आणि मग तेच आतल्या टायरचं ओलं. धुऊन निघताना पहिल्या दोन-तीनशे मीटरमध्ये हळू चालवत ब्रेक चार-पाच वेळा हलका दाबा. ड्रममध्ये पाणी राहिलं तर पहिला ब्रेक लागतच नाही.

अ‍ॅसिडबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण यात माझे पैसे गेलेत. हायवेवरच्या एका वॉशिंग सेंटरवर पोरानं प्लॅस्टिकच्या डब्यातून पिवळसर पाणी ब्रशानं रिमला लावलं. दोन मिनिटांत रिम कोरी. मी वर त्याला वीस रुपये बक्षीस दिले. आठवड्याभरात सगळे नट तांबडे. अ‍ॅसिडनं गंजाबरोबर नटांवरचा जस्ताचा मुलामाही खाल्ला होता, आणि नटांच्या बुडात, रिंगच्या खाचेत राहिलेला अंश आतून काम करत होता. अलॉयला तर अ‍ॅसिड लागलं की ती दुधाळ पांढरी पडते आणि ते डाग पॉलिशनंही जात नाहीत. काही रिम क्लीनरमध्ये हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड असतं. ते कातडीवर पडलं तरी लगेच आग होईलच असं नाही, आणि तोवर ते खोल हाडापर्यंत जातं. डब्यावर नाव नाही, वास झोंबतोय, तर तो डबा आपल्या चाकाजवळ येऊ द्यायचा नाही, एवढं पुरे. आमचे एक चुलते रिमच्या गंजाला चिंच लावायचे, तांब्याच्या घागरीला लावतात तशी. गंज निघतो, खोटं नाही. पण लोखंड उघडं पडतं आणि नीट धुऊन, पुसून लगेच प्रायमर मारला नाही तर दुसऱ्या सकाळी पुन्हा तांबडं.

पिकअपच्या अलॉयवर बसलेल्या लोखंडी कणांसाठी आयर्न रिमूव्हर म्हणून बाटली मिळते. पुतण्यानं आणली तेव्हा मी नाक मुरडलं, शब्दशः, कारण तिला नासक्या अंड्याचा वास येतो. पण काम बघून गप्प झालो. धुतलेल्या, गार रिमवर फवारायचं. जिथं लोखंडाचे कण आहेत तिथं ते जांभळं होतं, जांभळं चिरडल्यासारखे ओघळ येतात. बाटलीवर लिहिलेला वेळ झाला की भरपूर पाण्यानं धुवायचं, वाळू द्यायचं नाही. हातमोजे घाला. रंग उडून उघड्या पडलेल्या लोखंडावर मात्र हे मारण्यात अर्थ नाही, तिथं सगळंच लोखंड आहे. नंतर रिम कोरडी पुसून गाडीचं मेण लावायचं, पातळ थर, आतल्या बाजूलाही. भुकटी मेणावर बसते, रंगावर बसत नाही, आणि पुढच्या वेळी नुसत्या पाण्याच्या धारेनं निघते. पुतण्या दोन-अडीच महिन्यांनी लावतो. ट्रकच्या दहा चाकांना मेण लावत बसायला मला वेळ नाही आणि त्याची गरजही नाही. लोखंडी रिमचं खरं कवच म्हणजे रंग.

रंग आम्ही वर्षातून एकदा देतो, दसऱ्याच्या आधी. खंडेनवमीला गाडीची पूजा, झेंडूची माळ, लिंबू, आणि चाकं नवी कोरी. पाऊस ओसरलेला असतो, ऑक्टोबरचं ऊन असतं, म्हणून रंगालाही हाच मोसम बरा. बहुतेक जण मात्र गाडीवर असलेल्या चाकावर, चिखलावरूनच, नटांसकट चंदेरी फासतात. तसं करायचं असेल तर पूजेपुरतं करा, त्याला रंगकाम म्हणू नका.

चाक उतरवा. उरलेल्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा, जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका. टायर काढून रिम मोकळी मिळाली तर सर्वांत चांगलं, कारण खरा गंज रिंगच्या खाचेत असतो. सुटलेला रंग आणि गंज तारेच्या ब्रशानं काढा, मग ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १८० नंबरचा. आता पुन्हा बघा, दोन भोकांच्या मधल्या पट्टीत आणि नटांच्या भोकांभोवती. केसाएवढी रेघ दिसली तर ती तडा आहे. तिच्यावर वेल्डिंग मारून, घासून, रंग देऊन विकणारे लोक आहेत. ट्रकच्या डिस्कला वेल्डिंग चालत नाही, आणि टायर चढवलेला असताना तर रिमला गॅस किंवा वेल्डिंग लावूच नका, टायर बॉम्बसारखा फुटतो.

थिनरच्या फडक्यानं पुसून रेड ऑक्साइडचा एक पातळ हात द्या आणि रात्रभर वाळू द्या. त्यावर इनॅमलचे दोन पातळ हात. एक जाड हात दिलात तर वरून वाळेल, आत चिकट राहील, आणि पहिल्याच घाटात ब्रेकच्या धगीनं फुगेल. आता सगळ्यात महत्त्वाची जागा: डिस्क हबला जिथं टेकते ती सपाट बाजू, जोडचाकाच्या दोन डिस्क एकमेकींना टेकतात ती बाजू, आणि नट बसतात त्या कडा. इथं रंगाचे थर साठू देऊ नका. नट आवळताना रंगावर आवळला जातो, गाडी चालली की रंग दबतो, झडतो, आणि तेवढ्यानं नट सैल होतो. एका दसऱ्याचा रंग एक वेळ चालेल. पाच दसऱ्यांचे पाच थर चढलेली डिस्क मी पाहिलीय, तिचे नट दर आठवड्याला सैल होत होते आणि मालक नटांना शिव्या देत होता. या जागा तारेच्या ब्रशानं साफ, कोरड्या ठेवायच्या. नट बसतो तिथं ग्रीसही नको.

समुद्राकाठी चालणाऱ्यांसाठी वर्षाचा हिशेब पुरत नाही. दोन वर्षं मी रत्नागिरीच्या मिरकरवाड्याहून मासळी वाहिली. बर्फाचं खारं पाणी फळ्यांतून गळतं ते थेट मागच्या चाकांवर. कितीही रंग द्या, दुसऱ्या पावसाळ्यात रिंगच्या खाचेतून पापुद्रे निघायला लागले. तिथं एकच उपाय लागू पडला, दर फेरीनंतर साध्या गोड्या पाण्यानं चाकं धुणं. साबण नसला तरी चालेल, पण त्याच दिवशी.

आणि भुकटी कमी हवी असेल तर ती कमी पाडा. ज्या गिअरनं घाट चढतो त्याच गिअरनं उतरायचं, हे जुने लोक सांगायचे ते लायनर वाचवायला. एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून गाडी रोखणारा) चालू, गिअर खालचा, पाय ब्रेकवर ठेवून द्यायचा नाही. माझ्या आणि पुतण्याच्या गाडीत फरक आहे, मान्य. पण आठवडाभर तो पिकअप घेऊन माझ्या मागून त्याच घाटात चालला, तेव्हा त्याची चाकं एरवीपेक्षा निम्मीच काळी झाली होती.

रंग झाला, चाक चढलं, नट समोरासमोरचे धरून आवळले, कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या जोरानं. आता प्रत्येक नटावरून डिस्कवर जाईल अशी पिवळ्या रंगाची एक बारीक रेघ मारा. चाक उतरवून चढवलं की पहिल्या ५० ते १०० किलोमीटरमध्ये नट पुन्हा तपासायचे असतात. माझ्या रस्त्यावर ती जागा आपोआप ठरलीय. कराडहून निघालं की साधारण साठ किलोमीटरवर हेळवाक येतं, पुढं घाट सुरू होतो. तिथं चहा सांगतो आणि चहा येईपर्यंत पाना घेऊन दहाही चाकं फिरतो. रेघ जिथं तुटलेली दिसते, तो नट हलला. मागच्या दसऱ्यानंतर क्लीनर साइडला असे दोन निघाले.